माणसं टिकत नाहीत हो मॅडम!

मागच्या अंकात म्हटलं होतं की या वेळी फक्त कामगार, स्टाफ, पगार आणि एचआर यावरचेच प्रश्न घेऊ, तर पत्रं आणि व्हॉट्सअॅप मिळून एवढा ढीग पडला की वाचता वाचता दोन रविवार गेले. सगळे घेता आले नाहीत, पाच घेतलेत. नावं कुणाचीच छापत नाही, कारण सोलापूर म्हणजे सकाळी नाव छापलं की संध्याकाळी सात रस्त्याला चहावाल्यालासुद्धा माहीत.

प्रश्न : मॅडम, अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझं शाळेच्या युनिफॉर्मचं युनिट आहे, ६२ मशीन आहेत. जानेवारी ते एप्रिल, म्हणजे ऐन सीझनला २३ कारागीर सोडून गेले. कुणी पाचशे जास्त मिळतात म्हणून शेजारच्या गाळ्यात गेलं, कुणी तर न सांगताच. डिलिव्हरी लेट झाली, पार्टीने ९० हजार कापले. मुलगा पुण्यात एमबीए करतोय, तो म्हणतो पप्पा आपल्याला स्ट्रॅटेजिक एचआर पाहिजे, ३५ हजारावर एक एचआर मॅनेजर ठेवा. हे नक्की काय असतं आणि माझ्यासारख्याला परवडतं का? — एक कारखानदार

उत्तर : साहेब, मुलाचं म्हणणं बरोबर आहे पण ३५ हजार आत्ता घालवू नका. तो मॅनेजर येऊन पहिल्या महिन्यात काय करणार, तर हजेरीला बोटाचं मशीन लावणार आणि भिंतीवर व्हिजन-मिशनचा बोर्ड लावणार, आणि कारागीर जायचे ते जाणारच.

तुमच्या मुलाच्या भाषेत बोलायचं तर साधा एचआर म्हणजे आलेल्या माणसाचं सगळं नीट ठेवणं, हजेरी, पगार, रजा, पीएफ. स्ट्रॅटेजिक एचआर त्याच्या आधी सुरू होतो. पुढची दोन-तीन वर्षं आपण काय शिवणार, कुणाला विकणार, कुठल्या महिन्यात किती, हे आधी ठरवायचं आणि मग त्याला कुठली माणसं लागतील, ती कुठनं येतील, कशाने थांबतील ते बघायचं. आपल्याकडं उलटं होतं, ऑर्डर घेतली की मग गेटवर पाटी लागते 'टेलर पाहिजेत'.

तुम्हाला फोन करून मी दोन आकडे विचारले होते, आठवत असेल. जुना कारागीर दिवसाला १६ शर्ट काढतो, नवा आला की पहिला महिना कसेबसे ८. म्हणजे रोज ८ शर्टांची तूट, २६ दिवसांचे झाले २०८, आणि असे २३ जण, म्हणजे ४,७८४ शर्ट. शर्टामागं तुमचे २२ रुपये सुटतात, झाले १ लाख ५ हजार. त्यात पार्टीने कापलेले ९० हजार घाला, एक लाख ९५ हजार. आता दुसरी बाजू बघा, सगळ्या ६२ जणांना चार महिने पाचशे वाढवले असते तर १ लाख २४ हजार गेले असते. म्हणजे वाढवले असते तरी स्वस्तातच पडलं असतं, पण मी तुम्हाला फक्त वाढवा असं पण सांगणार नाही, कारण तुम्ही पाचशे वाढवले की शेजारचा सातशे वाढवणार आणि ही शर्यत कुणीच जिंकत नाही, उगीच दोघांचं नुकसान.

खरी गोष्ट तुम्ही फोन ठेवता ठेवता सांगितली, मी विचारलं जुलै ते डिसेंबर ही माणसं काय करतात, तर तुम्ही म्हणालात "काम कमी असतं, पीस रेटवर आहेत, येत नाहीत." तिथंच सगळं आलं की ओ! सहा महिने तुम्ही त्यांना सोडता, मग सीझनला त्यांनी तुम्हाला सोडलं तर त्यात चुकलं काय? त्याच्या घरी चूल बाराही महिने पेटते. तुमचा धंदा शाळेच्या कॅलेंडरवर चालतो म्हणून माणसं टिकत नाहीत, ती काही वाईट आहेत म्हणून नाही.

याची जगातली सगळ्यात गाजलेली गोष्ट फोर्डची आहे. १९१३ साली फोर्डने गाड्या जोडायला सरकती लाईन आणली, गाडी झटपट बनायला लागली पण माणूस दिवसभर एकच नट आवळून वैतागला आणि सोडून जायला लागला. त्या वर्षी साधारण १४ हजार कामगार कायम ठेवायला त्यांना ५२ हजारांवर लोक भरावे लागले. मग जानेवारी १९१४ ला त्याने दिवसाला ५ डॉलर जाहीर केले, म्हणजे आधीच्या दुपटीच्या आसपास, आणि ९ तासांची पाळी ८ वर आणली. लोक थांबले. (अर्थात त्यात अटी पण होत्या, कंपनीचे लोक घरी येऊन बघायचे दारू पितो का, घर स्वच्छ ठेवतो का. तेवढं मात्र उचलू नका, आपल्याकडं तेलुगू विणकरांच्या पूर्व भागात कुणी असं घरात डोकावलं तर त्याचं काय होईल सांगायला नको.) मला यातला पगारापेक्षा लाईनचा भाग महत्त्वाचा वाटतो, फोर्डला कळलं की आपणच बदललेल्या कामामुळं माणसं जातायत.

आपल्या जवळचं उदाहरण म्हणाल तर नागपूरची एम्प्रेस मिल, १८७७ ची, आपली सोलापूरची जुनी गिरणी पण त्याच सालातली. हजेरीचं रडगाणं तिथंही होतं, पण मालक जमशेटजी टाटांनी दंडाचा दांडका न उगारता हजेरीला बक्षिसं लावली, १८८६ ला पेन्शन फंड काढला आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई द्यायला लागले, जेव्हा असा कुठला कायदाच नव्हता. धर्मादाय म्हणून नाही केलं त्यांनी, कापड निघायला पाहिजे होतं.

मग तुम्ही काय करायचं. एक तर ऑफ सीझनचं काम शोधा, सिक्युरिटी गार्डचे ड्रेस, हॉस्पिटलचे स्क्रब, कंपन्यांचे बॉयलर सूट, मशीन त्याच आहेत, फक्त कटिंग मास्तरला नवे पॅटर्न बसवावे लागतील आणि मार्जिन थोडं कमी पडेल. कमी पडलं तरी घ्या, कारण त्या ऑर्डरमधून तुम्ही सीझनचे कारागीर विकत घेताय असं समजा. आणि दुसरं, जे गेले त्यातल्या पाच-सहा जणांना घरी बोलवून चहा पाजा आणि विचारा का गेलात, रागवायचं नाही हं. मी एका युनिटला हेच केलं होतं, मालक म्हणत होता सगळे पैशाला हपापलेत, आणि एक पोरगा म्हणाला पण खरं, "मॅडम, तिकडं पाचशे जास्ती देलालेत." पण बायका काय म्हणाल्या माहितीये, कुंभारीकडनं येणाऱ्या चौघींनी एकच कारण सांगितलं, इथं साडेनऊला गेट बंद होतं आणि लेकरू शाळेत सोडून रिक्षा मिळेपर्यंत पावणेदहा होतात, मग अर्धा दिवस कापतात. पंधरा मिनिटांसाठी चार हातशिलाईच्या एक नंबर बायका गेल्या. गेट दहाला केलं, संध्याकाळी अर्धा तास वाढवला, विषय संपला. याला एचआर मॅनेजर लागत नाही, मालकाचे कान लागतात. ३५ हजारवाला मॅनेजर तुमची १०० मशीन होतील तेव्हा बघू, मुलगाच तयार होईल तोपर्यंत.

प्रश्न : माझ्याकडे २३-२४ माणसं आहेत पण रजिस्टरला १९ च दाखवतो, पीएफ लागू नये म्हणून. मित्र म्हणतो बायकोच्या नावाने दुसरी फर्म काढ. चालेल ना? — आपला नियमित वाचक

उत्तर : नाही चालणार. २० माणसं झाली की पीएफ लागतो, दाखवलेली नाही, असलेली मोजतात. एकदा लागू झाला की माणसं कमी केली तरी सुटत नाही. दोन फर्म काढल्या आणि पैसा, मशीन, माणसं सगळं एकमेकांत मिसळलेलं असेल तर अधिकारी दोन्ही एकच धरू शकतात, आणि मग मागचं सगळं व्याजदंडासकट भरायचं. ईएसआय, म्हणजे कामगार विमा, तर १० माणसांवरच आहे, ते विसरलात वाटतं. शिवाय २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे चार लेबर कोड, म्हणजे कामगार कायदे, लागू झालेत, त्यात प्रत्येकाला नेमणुकीचं पत्र द्यायचं आहे आणि माणूस सोडून गेला किंवा काढला तर दोन कामाच्या दिवसांत त्याच्या पगाराचा हिशोब चुकता करायचा आहे, रजिस्टरला नसलेल्या माणसाचं पत्र कसं काढणार?

आणि एक गंमत सांगते, १४ हजार पगाराच्या माणसामागं तुमचे १२ टक्के म्हणजे १,६८० रुपये महिना. तेवढे वाचवायला तुम्ही १९ च्या वर जायचंच नाही असं मनात ठरवून बसलात, मोठी ऑर्डर आली की आधी माणसं मोजता. दहा वर्षं धंदा तिथंच का आहे त्याचं उत्तर कदाचित हेच असेल.

प्रश्न : नमस्कार मॅडम, मी चिंचोळी एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये एचआर एक्झिक्युटिव्ह आहे, १४० कामगार आहेत. कॉलेजात स्ट्रॅटेजिक पार्टनर वगैरे शिकले, इथं मी फक्त बर्थडेचे केक आणते आणि लेट मार्क लावते. मीटिंगला बोलवत नाहीत. सर म्हणतात तुझं काय काम तिथं. काय करू? — एक ताई, जुळे सोलापूर

उत्तर : अगं, सगळ्यांत आधी केकवरनं स्वतःला कमी समजू नकोस, मी पण १९८८ ला एका मिलमध्ये लागले तेव्हा टाइम ऑफिसात टोकन मोजायचे, खात्याचं नाव पण एचआर नव्हतं, पर्सोनेल होतं. आपल्याकडं हे खातं मुळात कायद्यानं जन्माला आलं, १९४८ च्या फॅक्टरी अॅक्टमध्ये ५०० कामगार असले की वेल्फेअर ऑफिसर ठेवा असं आलं, म्हणून मालकांच्या डोक्यात अजून तेच बसलंय की हा कायद्यासाठी ठेवलेला माणूस, कँटीन बघेल, युनियन सांभाळेल, झालं.

तुम्हाला कॉलेजात जे शिकवलं ना त्याचं मूळ १९८४ सालचं आहे, अमेरिकेत एकाच वर्षी दोन विद्यापीठांतले गट पुढं आले. मिशिगनवाले म्हणाले की कंपनीची चाल ठरली की निवड, मूल्यमापन, बक्षीस, ट्रेनिंग सगळं तिला जुळवून घ्या, माणूस हा पण कच्च्या मालासारखा जपून वापरायचा. हार्वर्डवाले म्हणाले नुसतं तसं नाही, कामगार, युनियन, गाव, सरकार यांचं पण त्यात काही लागतं, ते धरून धोरण ठरवा. परीक्षेला दोन्ही लिहिलं असशील. मला विचारशील तर सोलापुरात हार्वर्डवाल्यांचंच जास्त खरं आहे, कारण इथं मालक आणि कामगार गड्ड्याच्या यात्रेत एकाच पाळण्याच्या रांगेत उभे असतात, ज्याला काल काढला तो उद्या तुमच्या सासरकडून पाव्हणा निघतो.

पण सरांना हे सांगू नकोस, सरांना मशीनची भाषा कळते. तू एक कागद कर. डावीकडे मशीनची नावं, वर ऑपरेटरची नावं, आणि कोण कुठली मशीन एकटा चालवू शकतो तिथं टिक. अर्ध्या दिवसाचं काम आहे, सुपरवायझरला बरोबर घे नाहीतर तो रुसेल. मला खात्री आहे की एकदोन मशीन अशा निघतील की जिथं एकच टिक आहे, आणि तोच माणूस यात्रेला रजेवर जातो किंवा त्याच्या पोरीचं लग्न आहे किंवा पुण्याला इंटरव्ह्यू देऊन आलाय. मग त्याच्या बाजूला मागच्या सहा महिन्यांचा ओव्हरटाइम लिही, ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यावा लागतो, तो आकडा सरांना झोंबणारच. कागद घेऊन जा आणि एवढंच म्हण, सर या मशीनवर दुसरा माणूस तयार करायला तीन आठवडे लागतील, कुणाला लावू? बघ पुढच्या मीटिंगला खुर्ची मिळते की नाही. नाही मिळाली तर पुढच्या महिन्यात परत कागद, या वेळी रिजेक्शनचे आकडे घालून.

आणि हो, १४० माणसं आहेत म्हणजे लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती असायलाच पाहिजे, २०१३ चा कायदा आहे, १० माणसांवर लागतो, नसेल तर ५० हजारांपर्यंत दंड. ती आहे का ते आजच बघ, कारण विचारणा झाली की पहिलं बोट तुझ्याकडंच येणार.

प्रश्न : मी विडी घरकुलचा, पुण्यात आयटीत आहे. या वर्षी मॅनेजर म्हणाला तुझं काम चांगलंय पण बेल कर्व्हमध्ये कुणाला तरी खाली टाकावं लागतं. हे काय लॉजिक आहे? सोलापूरला परत यावंसं वाटतंय. — हुतात्मा एक्सप्रेसचा जुना प्रवासी

उत्तर : लॉजिक जुनं आहे बाबा. अमेरिकेतल्या जीई कंपनीत जॅक वेल्च प्रमुख असताना वरचे २० टक्के, मधले ७० आणि खालचे १० अशी वाटणी गाजली आणि सगळ्यांनी उचलली. दहा जणांची टीम असली आणि दहाही चांगले असले तरी एकाला खाली ढकलायचा, मग माणसं एकमेकाला मदत करायचं बंद करतात, कारण शेजारी खाली गेला तर मी वाचतो. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०१३ ला ही पद्धत सोडून दिली, ज्यांनी जगाला सॉफ्टवेअर विकलं त्यांना पण हे जमलं नाही, तुझ्या कंपनीला एवढं कळायला हरकत नव्हती. तू मॅनेजरकडून लेखी घे की कुठल्या कामात कमी पडलो, नुसतं कर्व्ह म्हणू देऊ नको.

परत यायचं म्हणतोस तर रागात येऊ नको. इथला पगार ऐकून मग विचार कर, आणि आई काय म्हणते ते पण विचार, आयांना आपल्या आधी कळतं.

प्रश्न : आमचे जॅकार्डचे, म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डावरून डिझाईन विणणारे, माग आहेत, चादरीचे, वडिलांपासून. डिझाईनचं कार्ड पंचिंग आणि मागाचं जॅकार्ड बसवणं हे सगळं एकाच मास्तरांना येतं, वय ६१, डोळ्याचं ऑपरेशन झालंय. त्यांचा मुलगा हैदराबादला आहे, येणार नाही. शिकायला पोरं ठेवली तर मास्तर नीट शिकवत नाहीत आणि पोरं पण पंधरा दिवसांत पळतात. सक्सेशन प्लॅनिंग, म्हणजे जुन्या माणसाच्या मागं कोण हे आधीच तयार ठेवणं, म्हणतात ते मोठ्या कंपनीचं काम, आमच्यासारख्याचं कसं होणार? — पूर्व भागातला एक मागवाला

उत्तर : अण्णा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. माझे वडील पण मागावरच होते, त्यामुळं मास्तर या शब्दाला काय वजन असतं मला माहितीये.

आधी एक कडू प्रश्न. पुढची पाच वर्षं तुम्ही जॅकार्डची चादर विणणार आहात का? सोलापुरी चादरीला जीआय, म्हणजे त्या गावच्याच मालाची सरकारी ओळख, मिळालाय हे खरं, पण त्याचं लेबल लावून तुम्ही काही वेगळ्या भावाने विकता का, का पानिपतच्या मालाशी रुपया-दोन रुपयांवर भांडत बसता? टॉवेलवर जाणार असाल, रेपियर, म्हणजे बिनधोट्याचा नवा माग, घेणार असाल, तर मास्तरांची विद्या शिकवायला दोन पोरांची दोन वर्षं घालवणं त्या पोरांवर अन्याय आहे, त्यांना रेपियरचंच शिकवा. आणि चादरच विणायची असेल, भारी डिझाईनची, कमी संख्येत, तर मग मास्तर म्हणजे तुमचा कारखानाच आहे, त्यांच्यासाठी खर्च करायला हात आखडू नका. हे तुम्ही आधी ठरवा, भावाशी बसून ठरवा, मग पुढचं वाचा.

चादर ठरली असं धरते. मास्तर शिकवत नाहीत कारण त्यांना कळतं की शिकवलं की आपली गरज संपली. मी असते तर मी पण शिकवलं नसतं. त्यांच्याशी लेखी करा की पुढची तीन वर्षं त्यांचा पगार चालू, मागावर उभं राहायचं नाही, खुर्चीवर बसून शिकवायचं, आणि एक पोरगं एकट्यानं डिझाईन चढवायला लागलं की त्यांना वेगळी रक्कम. त्यांच्या ग्रॅच्युइटीचा हिशोब पण त्यांना कागदावर दाखवा, वर्षाला १५ दिवसांचा पगार, इतकी वर्षं झाली म्हणजे बरीच होते, ती बुडणार नाही हे त्यांच्या डोळ्यांना दिसू दे. भीती गेली की हात मोकळा होतो.

पोरं पळतात त्याचं मात्र मला एक वेगळंच कारण वाटतं. तुमचे मास्तर तेलुगूत बोलत असणार, आणि तुम्ही ठेवलेली पोरं? अक्कलकोटकडची असतील तर घरी कन्नड, बाकीची मराठी, एखादा बिहारचा. मास्तर "अदि कादु रा" (तसं नाही रे) म्हणून ओरडतात आणि पोरगं बघत बसतं. मी एका कारखान्यात स्वतः बघितलंय, तीन पोरं गेली आणि चौथा टिकला, कारण त्याची आजी तेलुगू बोलायची. तेव्हा शक्यतो तेलुगू समजणारा घ्या, एक नाही दोन घ्या, एकट्याला कंटाळा येतो, आणि दोघं असले की एक गेला तरी विद्या घरात राहते. मास्तर कार्ड पंच करताना मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा, रोज दहा मिनिटं, कुठल्या डिझाईनला काय चुकतं आणि ते कसं दुरुस्त करायचं हे त्यांच्याच तोंडून.

पैशाचं म्हणाल तर अप्रेंटिस म्हणून नोंदवून घ्या. १९६१ चा कायदा आहे, ३० किंवा जास्त माणसं असली तर २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घेणं बंधनकारकच आहे, कमी असली तरी घेता येतात, आणि राष्ट्रीय अप्रेंटिसशिप योजनेत स्टायपेंडचा २५ टक्के भाग, जास्तीत जास्त महिना १,५०० रुपये, सरकार उचलतं. आयटीआयमध्ये जाऊन चौकशी केली की ते पोर्टलवर कसं भरायचं सांगतील. पोराला पण सर्टिफिकेट मिळतं, त्याच्या लग्नाला कामाला येतं, हसू नका, खरंच येतं, "मागावर आहे" आणि "अप्रेंटिस आहे" यात पोरगी बघायला गेल्यावर लई फरक पडतो.

आणि हे सगळं मास्तरांच्या दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या आधी सुरू करा. तारीख विचारून घ्या त्यांना, उद्याच.